बालाघाटावरचे स्पॅनिश शब्द

कार्तिक पौर्णिमेला कपिलधारची यात्रा भरते. बीड जिल्ह्यात मांजरसुंब्याजवळ, बालाघाटच्या डोंगरकपारीत, धबधब्याच्या अंगाला मन्मथस्वामींची समाधी आहे. तिच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबर कर्नाटक-तेलंगणातूनही वीरशैव लिंगायत भाविक येतात. याच डोंगरांत सीताफळ रानोमाळ वाढते. बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. खडकाळ माळावर कोणी पाणी न घालता तग धरणारे आणि थेट सीतेचे नाव लावणारे हे फळ मूळचे इथले नाही, असे यात्रेत कोणाला सांगितले तर तो हसेल. पण सीताफळ अमेरिकेतले आहे. कॅरिबियन बेटांवरचे ताइनो लोक या जातीच्या फळाला ‘आनोन’ म्हणत. स्पॅनिश दर्यावर्दींनी तो शब्द ऐकला तसा उचलला. लिनियसने 1753 मध्ये त्यालाच लॅटिन वळण देऊन ‘अनोना’ हे वनस्पतिशास्त्रातले नाव पक्के केले.

इंग्रजांनी मात्र गराची चव आणि पोत पाहून त्याला ‘कस्टर्ड ॲपल’ ठरवले. म्हणजे स्पॅनिशने मूळ रहिवाशांचा उच्चार ठेवला, इंग्रजीने आपल्या जेवणाच्या टेबलावरची उपमा दिली आणि मराठीने फळाला रामायणातले नाव दिले. स्पॅनिश शब्द एका रकान्यात आणि इंग्रजी प्रतिशब्द दुसऱ्या रकान्यात मांडलेल्या याद्या भाषा शिकणाऱ्याच्या हाती पहिल्यांदा पडतात. अशा यादीला मराठीचा तिसरा रकाना जोडला की ती पाठांतराची यादी राहत नाही. कोणता शब्द कोणाच्या हातून, कोणत्या बंदरातून आला, हे त्यात वाचता येते. मात्र एक सावधगिरी हवी. नाव त्या वाटेची साक्ष देते. वस्तू मुळात कुठली, याची साक्ष ते देईलच असे नाही.

रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ

अनोना कुळातले एक फळ आले आणि सीताफळ झाले, एवढ्यावर आपण थांबलो नाही. त्याचा भाऊबंद असलेले लालसर सालीचे फळ रामफळ झाले. काटेरी सालीचे आंबटगोड फळ स्पॅनिशमध्ये ‘ग्वानाबाना’ आहे, तेही ताइनो शब्दावरून. इंग्रजीत ते ‘सावरसॉप’ आणि आपल्याकडे लक्ष्मणफळ. दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातल्या फळाला स्पॅनिशमध्ये ‘चिरिमोया’ म्हणतात. हा शब्द केचुआ भाषेतून आला असे मानतात. त्याच्याशी नाते असलेली जात आपल्या बाजारात हनुमानफळ म्हणून मिळते. एका परदेशी कुळाला मराठीने सगळा रामपरिवार वाटून दिला आहे.

या नावांनी एकोणिसाव्या शतकात विद्वानांनाही चकवले. भरहुतच्या स्तूपावरच्या कोरीव कामात सीताफळ दिसते, असे पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना वाटले होते. ज्या फळाला सीतेचे नाव आहे ते कोलंबसानंतर कसे आले असेल, असाही प्रश्न विचारला गेला. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात ‘कस्टर्ड ॲपल’ या नोंदीखाली या वादाची बरीच चर्चा आहे. आल्फाँस द कँडोल या वनस्पतिशास्त्रज्ञाने लागवडीच्या पिकांच्या उगमावर ग्रंथ लिहिला आणि कौल अमेरिकेच्या बाजूने दिला. त्याचा आधार साधा होता. या कुळातल्या रानटी जाती, त्यांची विविधता आणि जुनी स्थानिक नावे अमेरिकेत सापडतात. संस्कृतात मात्र या फळाला जुने, स्वतंत्र नाव सापडत नाही. सीताफळ हे नाव फळाच्या वयाचा पुरावा नाही. लोकांनी ते किती मनापासून आपले मानले, याचा तो पुरावा आहे.

मधला माणूस कोण?

कोलंबस 12 ऑक्टोबर 1492 रोजी कॅरिबियन बेटांवर उतरला. त्याच वर्षी नेब्रिहा या पंडिताने स्पॅनिश भाषेचे पहिले व्याकरण छापले. 1495 च्या सुमारास आलेल्या त्याच्याच स्पॅनिश-लॅटिन कोशात ‘कानोआ’, म्हणजे होडी, हा शब्द आहे. अमेरिकेतला हा पहिला शब्द तीन-चार वर्षांत युरोपच्या कोशात येऊन बसला होता. पुढे मेक्सिकोत आलोन्सो दे मोलिना या फ्रान्सिस्कन धर्मगुरूने 1555 मध्ये स्पॅनिश शब्दांचे नाहुआत्ल, म्हणजे अझ्टेक लोकांच्या, भाषेत अर्थ देणारा कोश छापला. इंग्लंडमध्ये रिचर्ड पर्सिव्हल याने 1591 मध्ये स्पॅनिश शब्दांचे इंग्रजी अर्थ देणारा कोश काढला आणि जॉन मिन्शू याने 1599 मध्ये तो वाढवला. तेव्हा इंग्लंड आणि स्पेन यांचे युद्ध चालू होते; शत्रूची भाषा जाणण्याची गरज होती. इंग्रजी वाचकाला अमेरिकेतली बरीच पिके प्रथम स्पॅनिश नावांनीच कळली.

मराठीचे तसे झाले नाही. 1494 च्या तोर्देसियासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगाल यांनी नवे जग आपसांत वाटून घेतले. मेक्सिको-पेरू स्पेनकडे गेले. ब्राझील आणि हिंदुस्थानचा सागरी मार्ग पोर्तुगालकडे राहिला. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला. त्यामुळे अमेरिकेतली पिके आणि त्यांची नावे आपल्याकडे मुख्यतः पोर्तुगीज गलबतांतून आली. 1580 ते 1640 या काळात स्पेनचा राजा पोर्तुगालचाही राजा होता. त्या साठ वर्षांत गोव्यावर नावाला स्पेनच्या गादीचे राज्य होते, पण दरबारची आणि बंदराची भाषा पोर्तुगीजच राहिली. याच काळात थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात राहून मराठीत ‘क्रिस्तपुराण’ लिहीत होता. ते 1616 मध्ये छापले गेले.

या मधल्या माणसाचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, हिशेब गोव्यातल्याच एका विद्वानाने मांडला. बारदेशातल्या आसगावात 1855 मध्ये जन्मलेले सेबास्तियाव रोदोल्फ दालगादो हे धर्मगुरू कोकणीचे कोशकार होते. पोर्तुगीज शब्द आशियातल्या भाषांत कसे पसरले यावर त्यांनी 1913 मध्ये मोठा ग्रंथ काढला. तो आंतोनी झेवियर सुआरिस यांनी इंग्रजीत आणला आणि 1936 मध्ये बडोद्याहून प्रसिद्ध झाला. पोर्तुगीज आणि स्पॅनिश या लॅटिनच्या लेकी असल्याने दालगादोंची यादी चाळणाऱ्याला स्पॅनिशचे कितीतरी शब्द घरबसल्या ओळखता येतात.

उपवासाचे ताट

एकादशीचे किंवा शिवरात्रीचे ताट पाहा. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, बटाट्याच्या फोडी, हिरवी मिरची. शेजारी उकडलेले रताळे आणि राजगिऱ्याचा लाडू. यातले जिन्नस ज्या पिकांतून येतात ती सगळी अमेरिकेतली. 1492 पूर्वी यांपैकी काहीही आपल्याकडे कोणी खाल्ले नव्हते.

बटाट्याच्या नावाची गोष्ट उलटसुलट आहे. ताइनो भाषेत ‘बाताता’ म्हणजे रताळे. खरा बटाटा अँडीजमधला आणि केचुआ भाषेत त्याचे नाव ‘पापा’. स्पेनमध्ये या दोन नावांची सरमिसळ होऊन ‘पाताता’ झाले, त्यावरून इंग्रजीत ‘पोटॅटो’. सोळाव्या शतकातल्या इंग्रजीत तोही शब्द आधी रताळ्यालाच वापरला जात होता. लॅटिन अमेरिकेत बटाटा आजही ‘पापा’च आहे. मराठीत पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला ‘बटाटा’ रुजला, म्हणजे रताळ्याचे नाव बटाट्याला मिळाले. रताळ्याला मात्र आपण रक्तालु या संस्कृत कंदाचे जुने नाव चढवले. मेक्सिकोत रताळ्याला ‘कामोते’ म्हणतात, तो नाहुआत्ल शब्द. स्पॅनिश बोलणाऱ्या दोन देशांतले लोकसुद्धा भाजीवाल्यापुढे वेगवेगळे शब्द उच्चारतात. यादीत एका इंग्रजी शब्दासमोर एकच स्पॅनिश शब्द असेल, तर तो कोणत्या देशातला हे विचारलेले बरे.

मिरचीला नाहुआत्लमध्ये ‘चिल्ली’ म्हणत. तो शब्द स्पॅनिशमध्ये ‘चिले’ झाला आणि इंग्रजीत ‘चिली’. पण कोलंबस निघाला होता काळ्या मिऱ्यांच्या शोधात. तिखट चव दिसताच त्याने आणि त्याच्या लोकांनी मिऱ्यांचा ‘पिमिएंता’ हा शब्द वाकवून ‘पिमिएंतो’ केला. इंग्रजीतही ‘पेपर’ हा एकच शब्द मिऱ्यांना आणि मिरचीला चालतो. मराठीने अगदी हेच केले. मिरी हे नाव घरात होतेच, त्यावरून मिरची झाली. स्पेनमधला खलाशी आणि दख्खनमधला शेतकरी एकमेकांना न भेटता एकाच विचाराला आले.

शेंगदाण्याच्या बाबतीत तर योगायोग फारच नेमका आहे. नाहुआत्लमध्ये त्याचे नाव ‘त्लाल्काकाहुआत्ल’. ‘त्लाल्ली’ म्हणजे जमीन आणि ‘काकाहुआत्ल’ म्हणजे कोकोची बी. एकूण जमिनीतला कोको. त्याचा पुढचा तुकडा गळून मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये ‘काकाउआते’ राहिला. कॅरिबियन बेटांवर आणि दक्षिण अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी त्याला ‘मानी’ म्हणतात. मराठीत तो भुईमूग. मेक्सिकोच्या माणसाला जमिनीखाली कोको दिसला, आपल्याला मूग दिसला. इंग्रजी ‘ग्राउंडनट’ याच बांधणीचा आहे, ‘पीनट’ मात्र वाटाण्याशी नाते जोडतो. शेंग भुईत भरते हे ज्यांनी शेतात पाहिले, त्यांतल्या अनेकांनी नाव ठेवताना भुईचा उल्लेख केला.

साबुदाण्याचे नाव आणि पीक यांची फारकत झालेली आहे. ‘साबू’ हे नाव मलय भाषेतल्या सागूवरून आले, आणि सागू एका ताडाच्या खोडातून निघतो. आपला साबुदाणा मात्र तमिळनाडूत सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून बनतो. स्पॅनिशमध्ये हा कंद ‘युका’ किंवा ‘मांदिओका’. त्याच्या भाकरीला ‘कासाबे’ म्हणत, त्यावरून इंग्रजीत ‘कसावा’ आला. राजगिऱ्याची धान्य देणारी जातही अमेरिकेची. अझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या देवमूर्ती घडवत आणि पूजेनंतर त्या वाटून खात, म्हणून स्पॅनिश धर्मगुरूंचा या धान्यावर राग होता. मेक्सिकोत आजही फुलवलेला राजगिरा पाकात घालून वड्या करतात. त्यांचे नाव ‘आलेग्रीया’, म्हणजे आनंद. आपल्या राजगिरा चिक्कीची ती सख्खी बहीण आहे. इंग्रजीत दोघींनाही नुसते ‘ॲमरंथ बार’ म्हणतात, आणि त्यातला सण हरवून जातो.

पेरूचा देश, झेंडूचा खंड

पेरू हे फळ पेरू देशातून आले म्हणून त्याचे नाव पेरू, असे सहज वाटते. अभ्यासक मात्र दुसरीकडे बोट दाखवतात. पोर्तुगीज आणि स्पॅनिश दोन्हींत ‘पेरा’ म्हणजे नासपती. आकार पाहून पोर्तुगीजांनी हिंदुस्थानात या फळाला तेच नाव लावले. कोकणीत ते ‘पेर’ झाले, मराठीत पेरू. हिंदीतला ‘अमरूद’ हाही मुळात फारसीत नासपतीचाच शब्द. स्पॅनिशचा स्वतःचा शब्द ‘ग्वायाबा’, तो कॅरिबियन भाषांतून आला आणि इंग्रजीत ‘ग्वावा’ झाला. मराठवाड्यात कित्येक गावांत पेरूला जांब म्हणतात, म्हणजे इथे आणखी एका देशी फळाचे नाव कामाला लावले. टोमॅटोचेही तसेच. नाहुआत्ल ‘तोमात्ल’वरून स्पॅनिश ‘तोमाते’. इंग्रजीने त्याच्या शेवटी ‘ओ’ लावला, तो बहुधा ‘पोटॅटो’च्या संगतीने. शाळेच्या पुस्तकात टोमॅटो असला तरी मराठवाड्याच्या बाजारात टमाटेच विकले जातात आणि विदर्भात कुठे कुठे भेदरे. टमाटे हे रूप इंग्रजीपेक्षा स्पॅनिश ‘तोमाते’ला जवळ आहे.

अननसात इंग्रजी आणि स्पॅनिश एका बाजूला झाल्या. फळावरची खवल्यांची नक्षी पाहून स्पॅनिश माणसाला देवदारासारख्या झाडाचे शंकूफळ आठवले. त्याला तो ‘पीन्या’ म्हणायचा, तेच नाव त्याने अननसाला दिले. इंग्रजीचा ‘पाइनॅपल’ही त्याच शंकूफळाचा. पोर्तुगीजांनी मात्र ब्राझीलमधल्या तुपी लोकांचा ‘नाना’ घेऊन ‘आनानास’ केले आणि तोच शब्द आपल्याकडे आला. काजूही ब्राझीलच्याच वाटेचा. तुपी ‘आकाजू’, पोर्तुगीज ‘काजू’. स्पॅनिशमध्ये काजूला ‘आनाकार्दो’ किंवा ‘मारान्योन’ म्हणतात. क्रिस्तोबाल आकोस्ता या वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर स्पॅनिशमध्ये लिहिलेला ग्रंथ 1578 मध्ये स्पेनच्या बुर्गोस शहरात छापला गेला. कोचीनच्या बागांत पाहिलेल्या काजूचे वर्णन त्यात आहे.

तंबाखू तर दख्खनमार्गेच दिल्लीच्या तख्तापर्यंत गेला. स्पॅनिश ‘ताबाको’ पोर्तुगीजांबरोबर आदिलशाहीत पोचला होता. 1604 च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापूरला आला. त्याने तिथे तंबाखू पाहिला आणि जडावाच्या हुक्क्यासह तो बादशहाला नजर केला. हकिमांचा विरोध असतानाही अकबराने एक-दोन झुरके घेतले. 1617 मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. त्या बंदीचे काय झाले ते आपण आजही पाहतो.

देवाला वाहायची फुलेही याला अपवाद नाहीत. झेंडू मेक्सिकोचा. नाहुआत्लमध्ये त्याच्या नावाचा अर्थ ‘वीस फूल’, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये तो ‘सेम्पासूचिल’ झाला. 1 आणि 2 नोव्हेंबरला तिथे मृतांचा सण असतो. तेव्हा पूर्वजांसाठी मांडलेल्या ओट्यावर झेंडूच्या राशी ओततात. आपला दसरा-दिवाळीचा हंगामही तोच. इंग्रजीत या फुलाला ‘आफ्रिकन मॅरिगोल्ड’ म्हणतात. त्यातली मॅरी ख्रिस्ताची आई, आणि आफ्रिका तर या फुलाच्या जन्माशी संबंध नसलेला खंड. देवळाच्या ओट्याशी लावलेला पांढरा देवचाफाही अमेरिकेचाच. त्याला आपण इथल्या सोनचाफ्याच्या घरात घेतले. बांधावरची घायपात स्पॅनिशमध्ये ‘मागेय’. तिच्याच एका जातीच्या वाखाला जगभर ‘सिसल’ म्हणतात, कारण तो मेक्सिकोच्या युकातानमधल्या सिसल नावाच्या बंदरातून बाहेर जायचा.

उलट वाटेने गेलेले

वाट एकेरी नव्हती. संस्कृत शर्करेवरून मराठीत साखर झाली. तीच फारसीतून अरबीत ‘सुक्कर’ झाली. अरबांनी स्पेनवर कित्येक शतके राज्य केले आणि तिथे ऊस लावला, म्हणून स्पॅनिशमध्ये ती ‘आसूकार’. पुढचा ‘आ’ हा अरबीतल्या ‘अल’ या उपपदाचा अवशेष आहे. खंड या संस्कृत शब्दावरून ‘कांदे’ आला आणि ‘आसूकार कांदे’ म्हणजे खडीसाखर. इंग्रजीतली ‘शुगर’ आणि ‘कँडी’ याच मुळाच्या फांद्या. कापूर अरबीतून ‘आल्कान्फोर’ झाला, नारिंग ‘नारान्खा’ झाले, चतुरंग ‘आखेद्रेस’ झाले. वांग्याची वाट सर्वांत लांब आहे. संस्कृत वातिंगण फारसी-अरबीतून स्पेनला पोचले आणि ‘बेरेन्खेना’ झाले. त्याच्या पोर्तुगीज भावंडाने परत हिंदुस्थानात येऊन इथल्या इंग्रजीला ‘ब्रिंजल’ दिले. बीडच्या बाजारातले वांगे आणि त्याच्यावरच्या पाटीवरचे ‘ब्रिंजल’ हा एकच शब्द दोन वेषांत उभा असतो. खास मराठी म्हणता येईल असाही एक प्रवासी आहे. मुंगूस. पोर्तुगीज आणि फ्रेंचमधून जाऊन तो स्पॅनिशमध्ये ‘मांगोस्ता’ झाला आणि इंग्रजीत ‘मंगूज’.

साखरेच्या शब्दांना बीड जिल्ह्यात वेगळेच वजन आहे. दिवाळीच्या आगेमागे इथली हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून उसाचे बेणे कॅरिबियनला नेले, आणि पुढे तिथले उसाचे मळे गुलामांच्या कष्टावर उभे राहिले. त्या मळ्यांतून जी स्पॅनिश बोली तयार झाली तीत गळीत हंगामासाठी ‘साफ्रा’ असा एक स्वतंत्र शब्द आहे. उसाच्या कोयत्याला ‘माचेते’ म्हणतात, आणि क्यूबात ऊसतोड कामगाराचे नाव या हत्यारावरूनच पडले: ‘माचेतेरो’. आपल्याकडे मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणून मोजतो, उचल कोयत्यावर देतो. इंग्रजीत दोघांचे भाषांतर ‘केन कटर’ होते. हे भाषांतर चुकीचे नाही, पण माणसाला हत्यारात मोजणारी व्यवस्था त्यात उरत नाही. ‘माचेतेरो’ आणि ‘कोयता’ शेजारी ठेवले की ती लगेच दिसते.

पगार, चावी आणि ‘मला आवडते’

पिकांपलीकडे घरातही हे शब्द आहेत. ‘पागार’ म्हणजे पैसे चुकते करणे. पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्ये हे क्रियापद एकच, आणि आपला पगार त्यावरूनच. बादलीसाठी दोन्हींत ‘बाल्दे’, पिंपासाठी ‘पीपा’. इतर ठिकाणी दोन बहिणींत थोडा फरक पडतो, पण चेहरा ओळखू येतो. पाव पोर्तुगीजमध्ये ‘पाव’, स्पॅनिशमध्ये ‘पान’. साबण ‘साबाव’ आणि ‘खाबोन’. चावी ‘शावी’ आणि ‘यावे’. बाटलीसाठी स्पॅनिश ‘बोतेया’, मिस्त्रीसाठी ‘माएस्त्रो’. मराठीत पोर्तुगीजांनी आणलेले शब्द घरबांधणी, स्वयंपाकघर आणि नोकरी यांत दाट आहेत. कारागिराच्या हाताखाली काम करताना जे शब्द लागतात तेच हे आहेत.

इंग्रजीने स्पॅनिशकडून घेतलेला एक शब्द मराठवाड्याजवळून गेला आहे. ‘गेरिया’ म्हणजे छोटे युद्ध. नेपोलियनच्या फौजेविरुद्ध स्पेनमधल्या लोकांनी जी लढाई चालवली, तिच्यामुळे हा शब्द ‘गरिला’ होऊन इंग्रजीत आला. इंग्रजीतल्या त्याच्या सुरुवातीच्या नोंदींत 1809 ची वेलिंग्टनची पत्रे आहेत. त्याआधी सहाच वर्षे, 23 सप्टेंबर 1803 रोजी, हाच सेनापती जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. पुढे इंग्रज इतिहासकारांनी शिवाजी महाराजांच्या युद्धतंत्रालाही हाच स्पॅनिश शब्द लावला. आपल्याकडे त्याला गनिमी कावा हे नाव होतेच.

स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस आज बहुधा इंग्रजीतून शिकतो, आणि तिथे मधला माणूस पुन्हा गैरसोय करतो. ‘एक्सितो’ पाहून त्याला ‘एक्झिट’ आठवते, पण अर्थ आहे यश. ‘रोपा’ म्हणजे दोर नव्हे, कपडे. ‘सोपा’ साबण नव्हे, सूप. ‘लिब्रेरीया’ वाचनालय नव्हे, पुस्तकांचे दुकान. ‘एम्बारासादा’ बाई संकोचलेली नसते, गरोदर असते. वाक्यरचनेत तर इंग्रजीचा वळसा अगदीच अनावश्यक आहे. ‘मे गुस्ता एल काफे’ या वाक्याची इंग्रजी वर्गात फोड करून सांगावी लागते, कारण इंग्रजीत ‘लाइक’च्या वाक्यात आवडणाऱ्या गोष्टीला कर्ता करता येत नाही. मराठीत ते सरळ ‘मला कॉफी आवडते’. आपल्या वाक्यातही ‘मला’ आहे आणि क्रियापद कॉफीप्रमाणे चालते. कॉफीच्या जागी पुस्तके आली की स्पॅनिशमध्ये ‘गुस्ता’चे ‘गुस्तान’ होते, आणि मराठीतही ‘आवडते’चे ‘आवडतात’. ‘मे दुएले ला काबेसा’ म्हणजे माझे डोके दुखते. ‘तू’ तर दोन्हीकडे तूच आहे, आणि आदराचे ‘उस्तेद’ म्हणजे आपले तुम्ही किंवा आपण. इंग्रजीचा एकटा ‘यू’ हा भेद पुसून टाकतो.

उच्चाराचेही तेच आहे. स्पॅनिशचे पाच स्वर मराठी कानाला परके नाहीत. त्यातले ‘त’ आणि ‘द’ इंग्रजीसारखे हिरडीला लागत नाहीत, दाताला लागतात. ‘तोमाते’ आणि ‘ताबाको’ देवनागरीत लिहिले की उच्चार हाती लागतो. रोमन अक्षरांवरून इंग्रजी सवयीने वाचले की बिघडतो. अडचणही आहे. आपल्या ‘आहे’ला स्पॅनिशमध्ये दोन वेगळी क्रियापदे लागतात, एक स्वभावासाठी आणि एक अवस्थेसाठी, आणि तो फरक मुद्दाम शिकावा लागतो. मराठीला तीन लिंगे, स्पॅनिशला दोनच. शब्दाचे लिंग मात्र दोन्हींत पाठच करावे लागते.

म्हणून स्पॅनिश शिकताना पहिली वही दोन रकान्यांची करावी, स्पॅनिश आणि मराठी, दोन्ही देवनागरीत. पहिल्या पानावर बटाटा, पपई, तंबाखू, टमाटे, साखर, वांगे, कापूर, पगार, पिंप आणि पाव लिहावेत. हे शब्द पाठ करायचे नाहीत, फक्त ओळखायचे आहेत. दुसऱ्या पानावर ‘मला आवडते’, ‘माझे दुखते’ ही वाक्ये. इंग्रजी रकाना नंतर जोडावा, तोही पडताळणीपुरता. आणि मराठी रकान्यात पाठ्यपुस्तकातला शब्दच हवा असे नाही. जांब, टमाटे, कोयता हे बीडचे शब्द तिथे जास्त उपयोगी पडतील, कारण स्पॅनिशमधलेही कितीतरी शब्द असेच शेतातून आणि बाजारातून आलेले आहेत.